बडोद्यात राहून स्वस्त, चालवायला मजेदार जुनी गाडी घेणे आणि स्वतःच सांभाळणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बजेट तीन ते पाच लाख, रविवारी सकाळी हात काळे करायची हौस, आणि गाडी नुसती ऑफिसला नेणारी नको, गिअर बदलताना जीव खूश व्हावा अशी हवी. दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत असे बरेच जण आहेत, आणि त्यांचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. ते इथे उत्तरांसकट दिले आहेत. उत्तरांत माझी मतं भरपूर आहेत, ती गाळून घ्यायची की नाही हे तुम्ही ठरवा.

एवढ्या पैशांत खरी स्पोर्ट्स कार मिळते का?

नाही. परदेशात या हौसेचं ठरलेलं उत्तर म्हणजे मझदा एमएक्स-५: १९८९ पासून बनणारी, हलकी, दोन आसनी, मागच्या चाकांवर चालणारी, घरच्या अंगणात खोलून जोडता येणारी. ती आपल्याकडे कंपनीने कधी विकलीच नाही. जुनी मागवावी म्हटलं तर तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी आयात करता येत नाही, आणि तीन वर्षांच्या आतलीवर शुल्क इतकं की विषय तिथेच संपतो. देशी म्हणावी अशी एक होती, गोव्यात बनणारी सॅन स्टॉर्म. फायबरची बॉडी, रेनोचं १.२ लिटरचं इंजिन. दिसली तर फोटो काढा, पण घ्यायच्या आधी पार्टस कुठून आणणार याचा विचार करा.

म्हणून आपल्याकडे ‘स्पोर्ट्स कार’ म्हणजे चपळ हॅचबॅक किंवा छोटी सेदान. हलकी, मॅन्युअल गिअरची, इंजिन मोकळेपणाने वर फिरणारं, स्टिअरिंगला जीव असलेली. छप्पर उघडत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. मे महिन्यात त्रेचाळीस डिग्रीला उघड्या छपराने अलकापुरीच्या सिग्नलला उभं राहायची हौस एका दिवसात फिटते.

किती हॉर्सपॉवर बघू?

आधी वजन बघा. मारुती बलेनो आरएसचं वजन ९५० किलो आणि ताकद १०२ पीएस (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच), म्हणजे एका टनाला शंभराच्या वर. एवढं असलं की शहरात आणि हायवेवर दोन्हीकडे मजा येते. जुनी झेन घ्या: ९९३ सीसी, ताकद आजच्या मानाने किरकोळ, पण गाडी पाऊण टनाच्या आसपास. म्हणून वळणावर ती अजूनही भल्याभल्यांना हसवते. आकडा मोठा आणि गाडी जड असेल तर ब्रेक, टायर, क्लच सगळंच लवकर झिजतं, आणि ते बदलणारे तुम्हीच असणार.

मग नेमकी कोणती घेऊ?

एकच नाव हवं असेल तर २००८ ते २०१३ मधली होंडा सिटी, १.५ आय-व्हीटेक, मॅन्युअल. ११८ पीएस, टायमिंग चेन (तिचं महत्त्व पुढे सांगितलंय), टर्बो नाही. बोनेट उघडलं की हात जायला जागा आहे. लोक तिला काकांची गाडी समजतात म्हणून भाव डोक्यात गेलेला नसतो. काकांनीच चालवलेली असेल तर उत्तम, कारण काका साडेतीन हजार आरपीएमच्या पुढे कधी गेलेलेच नसतात आणि सर्व्हिसच्या पावत्या फाइलला लावून ठेवतात.

स्विफ्ट हा दुसरा सरळ पर्याय. मे २००५ मध्ये आली तेव्हा तिच्यात १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन होतं, ८७ पीएसचं. २०१० मध्ये १.२ लिटरचं के-सिरीज आलं. नवशिक्याने नवंच घ्यावं, चेन आहे आणि पार्टस कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. मला स्वतःला जुनं १.३ जास्त आवडतं, खालून ओढ चांगली आहे. पण त्यात टायमिंग बेल्ट आहे आणि आता त्या गाड्या वीसच्या घरात पोचल्या आहेत, तेव्हा चांगली सापडली तरच.

फोर्डची गोष्ट जरा वेगळी. सप्टेंबर २०२१ मध्ये कंपनीने भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि जुन्या फोर्डचे भाव घसरले. गाड्या मात्र तेवढ्याच चांगल्या राहिल्या. आपल्याच साणंदला बनलेली २०१५ नंतरची फिगो, १.५ डिझेल, १०० पीएस, २१५ एनएम टॉर्क म्हणजे ओढ: या पैशांत एवढी ओढ दुसरीकडे नाही. त्याआधीची फिएस्टा १.६ पेट्रोल, १०१ पीएस, स्टिअरिंगच्या बाबतीत या यादीत पहिली. आणि अगदी जुनी आयकॉन १.६ रोकॅम अजून कुणाच्या वाड्यात झाकून ठेवलेली असेल तर जाऊन बघा तरी. तिच्या इंजिनात चेन आहे, बेल्टची कटकट नाही. इंजिनाचे पार्टस, ब्रेक, क्लच या गाड्यांचं मिळतं. अडतं ते बंपर, हेडलाइट, दरवाजाच्या रबरावर. म्हणून फोर्ड घेताना पत्रा आणि काच धड असलेलीच घ्या, इंजिनात थोडं काम निघालं तरी चालेल.

फियाटचं प्रेम ज्यांना आहे त्यांना मी समजावत नाही. पॅलिओ १.६, सचिनच्या नावाने निघालेली तिची एस-१० आवृत्ती, २०१० ची लिनिआ टी-जेट ११४ पीएस, २०१५ ची अबार्थ पुंटो १४५ पीएस: सगळ्या भन्नाट. पण कंपनी इथली विक्री बंद करून गेली. डिझेल फियाटचं बरं आहे, कारण तेच १.३ लिटरचं मल्टिजेट मारुतीनेही वर्षानुवर्षं वापरलं आणि त्याचे पार्टस सगळीकडे आहेत. टी-जेटला तो आधार नाही. घरात दुसरी गाडी असेल आणि एखादा पार्ट यायला पंधरा दिवस थांबायची तयारी असेल, तरच टी-जेट.

होंडा सिव्हिक, २००६ ते २०१३, १.८ लिटर, १३२ पीएस. अगदी मोहात पाडते. चार माणसं बसवून सोसायटीच्या गतिरोधकावरून जाऊन बघा, खालून खर्रर्र आवाज आला की मोह थोडा उतरेल.

हालोलला बनलेल्या ओपेल आणि शेव्हरोलेचं काय? घरचीच गाडी की!

भावना कळतात. बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांतून कुणी ना कुणी हालोलच्या जनरल मोटर्समध्ये नोकरीला होतं. १९९६ पासून तिथे ओपेल अ‍ॅस्ट्रा बनली, पुढे कोर्सा, मग शेव्हरोले. २०१७ मध्ये कंपनीने भारतातली विक्री थांबवली आणि तो कारखाना एमजीकडे गेला. क्रूझ डिझेल आजही सरळ रस्त्यावर भल्या गाड्यांना मागे टाकते, आणि पडेल भावात मिळते. पण ती जड आहे, इलेक्ट्रॉनिक्स किचकट आहे, आणि पहिली शिकायची गाडी म्हणून मी ती कुणाला सुचवणार नाही. अ‍ॅस्ट्रा हा छंद म्हणून ठीक.

पोलो जीटी टीएसआय? सगळे तिचंच नाव घेतात.

गाडी चांगलीच आहे. २०१३ ला आली, १०५ पीएस आणि सात गिअरची ड्राय क्लच डीएसजी, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. प्रश्न त्या गिअरबॉक्सचा आहे. आपल्या गर्दीत, उन्हात, सतत रांगत चालवल्याने त्यातले क्लच आणि मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक भाग) त्रास देऊ शकतात, आणि ते काम रविवारच्या पान्यांनी होत नाही. त्याला खास अवजारं आणि कंपनीचा स्कॅनर लागतो. पोलोच हवी असेल तर २०२० नंतरची १.० टीएसआय मॅन्युअल बघा, ११० पीएस, सहा गिअर. तिला बजेट जरा ताणावं लागेल. टाटाची टिआगो जेटीपी, २०१८ ची, याच जातीची. कमी बनल्या, म्हणून पुढचा बंपर वगैरे खास तिचे भाग जपून ठेवा.

बडोद्यात गाडी घ्यायची म्हणजे पुरात बुडालेली गळ्यात पडेल का? ओळखायची कशी?

ही भीती अगदी रास्त आहे. ३१ जुलै २०१९ आणि मग ऑगस्ट २०२४, विश्वामित्रीचं पाणी अकोटा, समा, फतेहगंज, मुजमहुडा इथल्या पार्किंगमध्ये शिरलं. रस्त्यावर मगरी आल्याचे व्हिडिओ सगळ्या देशाने पाहिले. त्याच पाण्यात उभ्या असलेल्या गाड्यांचं पुढे काय झालं ते कुणी विचारलं नाही. काही विमा कंपन्यांनी टोटल लॉस धरून लिलावात काढल्या, काही धुवून-पुसून उभ्या केल्या गेल्या. आणि हेही लक्षात ठेवा की बुडालेली गाडी बरेचदा त्याच गावात विकत नाहीत. तुम्ही गोध्रा किंवा भरूचची म्हणून घ्याल, ती बडोद्याची निघेल.

तपासायला सकाळच्या उजेडात जा आणि सीटबेल्टपासून सुरुवात करा. पट्टा शेवटपर्यंत, अगदी अडेपर्यंत बाहेर ओढा. लोक सीट धुतात, कार्पेट बदलतात, डॅशबोर्डला पॉलिश मारतात, पण खांबाच्या आत गुंडाळलेला पट्टा कुणी धूत नाही. शेवटच्या हातभर भागावर मातकट रेघ, वाळलेला चिखल किंवा कुबट वास आला की समजायचं ते समजा. मालक म्हणेल, मुलांनी पाणी सांडलं. मुलं एवढ्या आत पाणी सांडत नाहीत.

मग पुढची सीट मागे सरकवून रुळांकडे बघा. रुळांचे बोल्ट गंजलेले असतील, किंवा उलट सगळ्या गाडीत तेवढेच चार बोल्ट नवे चकचकीत असतील, दोन्ही वाईट. डिकीचं कार्पेट उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवा. स्टिअरिंगखाली डोकं घालून टॉर्च मारा: वायरींच्या सॉकेटमध्ये हिरवट पूड दिसली तर ते तांब्याचं गंजणं आहे, आणि त्या गाडीत पुढची दोन वर्षं कधी काच बंद होणार नाही, कधी एअरबॅगचा दिवा लागेल. हेडलाइटच्या आत पाण्याची पातळी दाखवणारी पुसट रेघ राहते. आणि गाडीत शिरल्याबरोबर अत्तराचा भपकारा आला तर काचा वर करून, एसी बंद ठेवून उन्हात दहा मिनिटं बसा. खरा वास वर येतो.

कागदावरची एक खूण बहुतेक जण विसरतात. विम्याची पॉलिसी मागा आणि एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट) किती टक्के आहे ते बघा. आठ वर्षं जुनी गाडी, मालक एकच, आणि २०२४ च्या पुरानंतर नूतनीकरण झालेल्या पॉलिसीत एनसीबी शून्य, तर क्लेम कशाचा होता ते विचारायलाच हवं. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर या खुणेचा उपयोग नाही, तेव्हा सीटबेल्टवरच भिस्त.

“एनआरआयची गाडी आहे, वर्षातून एकच महिना चालते.” घ्यावी का?

चरोतर (आणंद-खेड्याचा भाग) आणि बडोद्याकडे हे वाक्य प्रत्येक दलालाच्या तोंडी असतं, आणि कधीकधी ते खरंही असतं. पण दहा वर्षांत अठरा हजार किलोमीटर ही शाबासकीची गोष्ट नाही. उभ्या गाडीचे रबर आणि सील वाळतात, ब्रेकच्या पिस्टनवर गंज चढतो, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, आणि उंदीर वायरिंग कुरतडतात. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ‘२२१५’ म्हणजे २०१५ चा बाविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी असे टायर बदलायचेच. सगळे टायर, बॅटरी, बेल्ट, होज आणि सगळी ऑइलं यांचा खर्च भावातून कापून मागा. दिला तर अशी गाडी सोन्यासारखी, नाही दिला तर रोज वापरून ऐंशी हजार किलोमीटर झालेली गाडी बरी.

गाडीत आधी सीएनजी होतं का, हे कसं कळेल?

गुजरातमध्ये हे बघायलाच हवं. आधी आरसीवर इंधनाचा रकाना वाचा. किट काढून टाकलं असेल तर डिकीच्या तळाला सिलिंडरच्या स्टँडची भोकं राहतात, बहुतेक वेळा रबरी बुच लावून लपवलेली. इंजिनात इंजेक्टरच्या वायरींवर चिकटपट्टीचे सांधे सापडतात. मागचे स्प्रिंग बसलेले असतात. कोरड्या गॅसवर वर्षानुवर्षं चाललेल्या काही इंजिनांत व्हॉल्व्ह सीट झिजते, म्हणून कॉम्प्रेशन तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. ठाण्या-पुण्याच्या नातेवाइकांना हे सांगितलं की ते हसतात, पण इथे टॅक्सीत चाललेली गाडी पुन्हा घरगुती म्हणून समोर येते.

मुंबईच्या मावसभावाची गाडी स्वस्तात मिळतेय.

नात्यातली गाडी, इतिहास माहीत, चांगलंच. फक्त समुद्राची हवा लक्षात घ्या. जॅक लावायच्या जागी, दरवाजांच्या खालच्या कडांना आणि मागच्या चाकांच्या कमानीत आतून गंज बघा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका: टणटण आवाज हवा, भद्द नको. मग एनओसी म्हणजे फॉर्म २८, आणि गुजरातचा रोड टॅक्स नव्याने. महाराष्ट्रातला भरलेला कर परत मिळवायचं काम मावसभावाचं, आणि ते चिकाटीचं. हा सगळा हिशेब मांडून झाल्यावरही स्वस्त वाटली तरच घ्या.

टायमिंग बेल्ट आणि चेन, याला एवढं महत्त्व का?

कारण या एका भागावर अख्खं इंजिन टांगलेलं असतं. क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडतो तो) यांची लय हा पट्टा सांभाळतो. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की उघडा राहिलेला व्हॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन एकमेकांवर आदळतात, आणि दोन-चार हजारांच्या पट्ट्यापायी पन्नास हजारांचं हेडचं काम निघतं. बदलायची मुदत गाडीगणिक वेगळी, मॅन्युअलमध्ये बघा. किलोमीटर झाले नसले तरी वर्षं झाली की बदलायचा, कारण रबर उन्हात उभ्या उभ्याही म्हातारं होतं. विक्रेता म्हणाला “गेल्याच वर्षी बदलला”, तर बिल मागा. बिल नाही म्हणजे बदललेला नाही असंच धरून चाला. टेन्शनर त्याच वेळी बदला, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही. मजुरी एकच.

चेन म्हणजे अमर असं नाही. ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत चेन ताणते, आणि गार इंजिन चालू करताना दोन-तीन सेकंद खळखळ ऐकू येते. म्हणून गाडी बघायला जाताना फोनवर आधीच सांगा, इंजिन गारच राहू द्या. पोचल्यावर बोनेटला हात लावून बघा. गरम असेल तर कुणीतरी काहीतरी झाकतंय.

बघायला जाताना सोबत काय न्यावं?

टॉर्च, जुनी चादर (खाली झोपायला), मल्टिमीटर, आणि ब्लूटूथवर चालणारा छोटा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारा. २०१३ नंतरच्या गाड्यांवर तो बिनघोर चालतो. कोड शून्य दाखवले म्हणून लगेच खूश होऊ नका, ‘रेडिनेस’ हा पर्याय उघडा. तिथे बऱ्याच चाचण्या ‘अपूर्ण’ दिसल्या तर कुणीतरी नुकतेच कोड पुसले आहेत किंवा बॅटरी काढली आहे. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. ऑइलचं झाकण उघडून आत दुधाळ साय दिसली तर निरोप घ्या. आणि शक्य असेल तर तुमचा मिस्त्री सोबत न्या, त्याला पेट्रोल-नाश्त्याचे आणि वेळेचे पैसे द्या. सेव-उसळीवर एवढं मोठं काम उरकायचं नसतं.

कागदपत्रं?

आरसी, विमा, पीयूसी, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. विक्रीला फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्याने विक्री आरटीओला कळवायची ती राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत, बाहेरच्या राज्यात विकली असेल तर ४५ दिवसांत; घेणाऱ्याने नाव बदलायला अर्ज करायचा तो ३० दिवसांत. विमाही १४ दिवसांत नावावर करून घ्या. ते राहून गेलं आणि मध्ये काही झालं तर क्लेम अडकतो. पैसे देण्याआधी परिवहनच्या अ‍ॅपवर नंबर टाकून कर्जाचा बोजा, चलनं, काळी यादी बघा. दरजीपुऱ्याच्या आरटीओत जाऊन मग कळण्यापेक्षा हे बरं.

पंधरा वर्षांच्या पुढची गाडी घेतली तर?

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग फिटनेस तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून कारचं नूतनीकरण शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं, आणि पुढे वीस वर्षांवरच्या गाड्यांना आणखी वाढलं. चौदाव्या वर्षातली गाडी स्वस्त का दिसते ते यात आहे. तब्येत चांगली असेल तर घाबरायचं कारण नाही, फक्त हा खर्च भाव करताना बोलून दाखवा.

ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल जुन्या गाडीला चालतं का?

आता पंपावर दुसरं फारसं मिळतच नाही, तेव्हा चालवून घ्यावं लागतं. एप्रिल २०२३ आधीच्या बऱ्याच गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. गाडी लगेच बंद पडत नाही, पण इथेनॉल जुन्या रबराला कडक किंवा फुगीर करतं, हवेतलं पाणी ओढतं, आणि मायलेज थोडं घटतं. घेतल्या घेतल्या फ्यूएल होज, क्लिप आणि फिल्टर बदला, होज इथेनॉलला टिकणारेच मागा. गाडी पावसाळाभर उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा, रिकाम्या जागेत दमट हवा साठत नाही. पेट्रोलचा वास आला तर “नंतर बघू” म्हणू नका.

कोणती अवजारं घ्यावी लागतील? आणि सोसायटीत गाडी खोलू देतील का?

दहा, बारा, चौदा, सतरा आणि एकोणीस नंबरचे रिंग पाने आणि गोटी पाने घ्या, मारुती-होंडाची बहुतेक कामं यात होतात. फोर्ड-फियाट-फोक्सवॅगनला तेरा, पंधरा, सोळा आणि तारेच्या आकाराचे टॉर्क्स लागतात. एक टॉर्क पाना, आणि लोखंडी जॅक स्टँडची जोडी. स्टँडवर काटकसर नको. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, विटांवर ठेवलेल्या गाडीखाली तर नाहीच. वीट चाकामागे अडसर म्हणून वापरा.

सोसायटीचं म्हणाल तर आधी सेक्रेटरींशी बोला, खाली जुना फ्लेक्स अंथरा, आणि सकाळी नऊच्या आत काम आटपा. लोकांना आवाजापेक्षा फरशीवरचा डाग जास्त खुपतो.

पहिलं काम कोणतं करू?

ऑइल बदला. सिटीचं उदाहरण घेऊ. इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट करा, कढत नको. गाडी सपाट जागी, हँडब्रेक, स्टँड. खाली परात. सतरा नंबरच्या पान्याने ड्रेन नट ढिला करा, मग शेवटचे आटे हाताने, नट आतल्या बाजूला दाबत दाबत उघडा आणि एकदम बाजूला घ्या. नाहीतर ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत येतं. ते निथळेपर्यंत नटाचा वॉशर बघा: दबून चपटा झालेला असेल, तो टाकून नवा लावायचा. नटाला चिकटलेली बारीक काळी पेस्ट चालते, चमचमणारे तुकडे चालत नाहीत. फिल्टरच्या रबराला नव्या ऑइलचं बोट फिरवा, हाताने घट्ट करा, पान्याने नाही. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर, जोर दाखवायची ही जागा नव्हे, चेंबर अ‍ॅल्युमिनियमचा आहे आणि आटे गेले तर रडायची वेळ येते. मग साधारण साडेतीन लिटर, थोडं थोडं, डिपस्टिक बघत.

त्यानंतर ब्रेक ऑइल, कूलंट, एअर फिल्टर, प्लग, याच क्रमाने. कूलंटमध्ये नळाचं पाणी घालायचं नाही, इथल्या पाण्याचा क्षार रेडिएटरमध्ये बसतो आणि एप्रिलमध्ये त्याची आठवण होते. पहिल्या वर्षासाठी गाडीच्या किमतीच्या पाव हिस्सा बाजूला ठेवा. चार लाख असतील तर गाडी तीन-सव्वातीनचीच.

कोणती कामं स्वतः करू नयेत?

एअरबॅग, एसीचा गॅस, डिझेलच्या कॉमन रेलचे हाय प्रेशर पाइप, आणि शॉकअपचे स्प्रिंग दाबणं. पहिल्या वर्षी टायमिंग बेल्टही मिस्त्रीकडूनच, पण शेजारी उभं राहून बघा.

दुकानदार म्हणतो “आ चालशे”. चालतं का?

कधीकधी. सर्व्हिस फिल्टर, वायपर, बल्ब यांत फार फरक पडत नाही. बेल्ट, बेअरिंग, ब्रेक पॅड, थर्मोस्टॅट, सेन्सर यांना मात्र पार्ट नंबर जुळवूनच घ्या. जुना भाग कागदात गुंडाळून सोबत न्या, काउंटरवर शेजारी शेजारी ठेवा. पाकीट चकाचक आणि छपाईत स्पेलिंग चुकलेलं असेल तर तो माल डुप्लिकेट.

एक्झॉस्ट, मोठी चाकं, रिमॅप (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलणं), असे बदल करावेत का?

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्येच स्पष्ट केलंय की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. चलन राहू द्या, अपघात झाला तर विमा कंपनी पहिला हाच मुद्दा काढते. कायद्यात बसणारे बदल सगळ्यात जास्त मजा देतात: चांगले टायर, नवे बुश, नवे शॉकअप, ताजं ब्रेक ऑइल. एक लाख चाललेल्या गाडीचे लोअर आर्म आणि लिंक रॉड बदलून बघा, गाडी दहा वर्षांनी तरुण होते.

एवढं करून चालवायची कुठे?

अहमदाबादच्या एक्स्प्रेसवेवर नाही, ९३ किलोमीटर सरळ, झोप येते. शिवराजपूरवरून जांबुघोड्याकडे जाणारा रस्ता घ्या, पावसानंतर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सकाळी सहाला निघून. जंगल, वळणं, फारशी रहदारी नाही, गुरं मात्र आडवी येतात. पावागडावर माचीपर्यंतचा घाट छोटासा पण छान आहे. मात्र नवरात्रात, पुनमेला आणि रविवारी तिथे पायी भाविक असतात, त्या दिवशी गाडी पळवायचा विचारही नको. खरी वळणं हवी असतील तर सापुतारा, पण मुक्काम करूनच.

काढलेलं जुनं ऑइल कुठे टाकू?

गटारात नाही, ते शेवटी विश्वामित्रीतच जातं. रिकाम्या झालेल्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या. त्याच्याकडून ते रिसायकलिंगवाले विकत नेतात, म्हणून तो नाही म्हणत नाही. ब्रेक ऑइल आणि कूलंट मात्र त्यात मिसळू नका, वेगळ्या बाटलीत द्या, नाहीतर सगळा कॅन वाया जातो.